वस्त्रे, खिलत आणि अल्पाकाचा कोट

इसवी सन १८७६ च्या डिसेंबर महिन्याच्या २९ तारखेस इंग्लंडातील यॉर्कशायर प्रांतात सर टायटस सॉल्ट हा वयोवृद्ध गिरणीमालक निवर्तला, आणि त्यानंतर तीन दिवसांनी, म्हणजे १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीच्या दरबारात राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरत असतानाच, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. या दोन घटनांत कार्यकारणभाव शोधू गेल्यास पदरी काही पडणार नाही. तथापि सॉल्टने दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरच्या अल्पाका नावाच्या प्राण्याची लोकर काळ्या, हलक्या, चकचकीत कापडाच्या रूपाने पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र पोचविली होती, आणि जमशेटजींनी ज्या नगरात आपली गिरणी उभारली त्या नगरातील वकील, शिरस्तेदार, कारकून आणि शाळामास्तर त्याच कापडाचे कोट अंगात चढवून रोज कचेरीची वाट धरू लागले होते. तो प्राणी नागपुरात कोणी पाहिला नव्हता. त्याचे नाव मात्र शिंप्याच्या दुकानापासून न्यायालयाच्या ओसरीपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी होते, आणि ज्याच्या अंगावर अल्पाकाचा कोट तो सरकारदरबारी वावरणारा माणूस, इतका अर्थ त्या नावाला चिकटला होता. एका दूरस्थ डोंगरी जनावराच्या लोकरीला गोंडवनाच्या या राजधानीत हा मान कसा लाभला, हे पाहण्यासारखे आहे.

अल्पाका हा उंटाच्या कुळातला. त्याला वशिंड नाही, आणि उंचीने तो आपल्या मेंढीहून थोडकाच थोर. पण मान लांब, डोळे मोठे आणि ओठ उंटासारखा दुभंगलेला. या कुळाचे मूळ पुरुष उत्तर अमेरिकेत निपजले. त्यांतले काही आशियात उतरले व त्यांचे वंशज मारवाडच्या वाळूत ओझी वाहू लागले, तर काही दक्षिणेकडे जाऊन अँडीजच्या शिखरांखालील थंड पठारांवर स्थिरावले. पेरू देशातील तेलारमाचाय नावाच्या शैलाश्रयात सापडलेल्या हाडांवरून विद्वानांनी असे अनुमान केले आहे की, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी तेथील माणसाने शिकारीचा धंदा हळूहळू टाकून या जनावरांचे कळप राखण्यास आरंभ केला. अल्पाका हा विकुन्या नावाच्या रानटी, अतिशय तलम लोकरीच्या प्राण्यापासून उतरला आहे, ही गोष्ट २००१ साली आनुवंशिक परीक्षेने सिद्ध झाली. तोपर्यंत त्याचे पितृत्व वादग्रस्त होते. त्याचा भाऊबंद लामा ओझ्याला लावला गेला, आणि अल्पाकाकडे लोकर देण्याचे काम आले.

चार हजार मीटर उंचीवर, जेथे झाड म्हणून नाही आणि रात्री पाणी गोठते, अशा पूना नामक पठारावर हा प्राणी चरतो. त्याच्या पायाला कठीण खूर नसून मऊ तळवा असल्यामुळे गवताची मुळे तुडविली जात नाहीत. तो गवत उपटीत नाही, दातांनी कापून घेतो. शिवाय सबंध कळप एकाच ठरावीक जागी लेंड्या टाकतो. ज्या मुलखात सरपणाची काडी मिळत नाही तेथे हा वाळलेल्या लेंड्यांचा ढीग म्हणजे चुलीची तरतूद होय, आणि आपल्याकडे गोवऱ्या थापणाऱ्या बाईला जे श्रम पडतात तेवढेही तेथील गृहिणीला पडत नाहीत. मादीला साडेअकरा महिन्यांनी एकच पोर होते, यास्तव कळप वाढतो तो धिम्या गतीने. लोकर दोन प्रकारची: वाकाया जातीची दाट व कुरळी, आणि सुरी जातीची लांब, सरळ, बटांनी लोंबणारी व रेशमासारखी तकाकणारी. मेंढीच्या लोकरीत असते तसे तेल तिच्यात नसल्यागत असते. पांढऱ्यापासून कोळशाच्या काळ्यापर्यंत तिचे निसर्गदत्त रंग बावीस असल्याची गणना पेरूत करतात.

या लोकरीची खरी प्रतिष्ठा अँडीजमधील इंका राज्यात दिसते. सोने-रुपे ज्या राज्यात अमाप होते त्या राज्यात सोन्याहून वस्त्राचे मोल अधिक मानीत, ही गोष्ट स्पेनच्या लोकांना आरंभी उमजलीच नाही. राज्याचे व देवस्थानांचे कळप निराळे असत. त्यांची लोकर सरकारी कोठारांतून घरोघर वाटली जाई, आणि प्रत्येक कुटुंबाने ती कातून, विणून, वस्त्र करून कोठारात भरणा करावा असा दंडक होता. लोकर सरकारची, श्रम रयतेचे. साधे कापड अशा रीतीने वेठीने निर्माण होई. पण कोम्पी नावाचे जे अतितलम, दोन्ही बाजूंनी सारखेच सुबक दिसणारे, अल्पाका व विकुन्याच्या लोकरीचे वस्त्र असे, ते विणण्यासाठी वंशपरंपरागत विणकर नेमलेले असत, आणि राज्यभरातून निवडून आणलेल्या कुमारिका बंदिस्त वाड्यांत राहून तेच काम करीत. हिशेब ठेवायला लिपी नव्हती. कापसाच्या व लोकरीच्या दोऱ्यांना गाठी मारून किपू तयार होई आणि कारभारी त्या गाठी चाचपून कोठारात किती वस्त्रे शिलकीस आहेत ते सांगत. जॉन मुर्रा या पंडिताने १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही व्यवस्था उलगडून दाखविली आहे. इंका राजा एखादा प्रांत जिंकी, तेव्हा तेथील जुन्या नायकाला सन्मानाचे वस्त्र देई. ते अंगावर घेणे म्हणजेच ताबेदारी पत्करणे. लढाईवर निघालेल्या शिपायाला वस्त्र, देवाला आहुती म्हणून जाळायचे तेही वस्त्र, आणि मागे हटणाऱ्या सैन्याने शत्रूच्या हाती पडू नये म्हणून प्रथम आग लावायची ती वस्त्रांच्या कोठाराला.

नागपूरकर वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. सेनासाहेब सुभा ही नागपूरकर भोसल्यांची पदवी सनदेच्या कागदाने मिळे तितकीच वस्त्रांनी मिळे. पहिल्या रघूजीने ती शाहू छत्रपतींकडून घेतली; १७५५ साली तो वारल्यावर जानोजी आणि मुधोजी या भावांत जो तंटा माजला तो पुण्यापर्यंत गेला, आणि वस्त्रे ज्याला मिळतील तो धनी, या एकाच मुद्द्यावर उभय पक्षांचे वकील महिनोन्‌महिने झिजले. दरबारी मनुष्याला खिलत, पंडिताला शाल, पाटलाला पागोटे, अशी वस्त्रांची उतरंड होती, आणि त्या सर्वांचा हिशेब जामदारखान्याच्या दप्तरात राही. वस्त्र अंगावर येते ते वरून, धन्याच्या हातून. आणि ते ज्याने दिले त्याची निशाणी होऊन ते अंगावर राहते, ही कल्पना राजधानी कुस्कोच्या इंकाला जितकी स्वाभाविक तितकीच नागपूरच्या भोसल्याला होती. दोघांचीही राज्ये परदेशीयांनी खालसा केली. पण त्यांच्या कोठारांची गत तपशिलात भिन्न झाली, आणि तो तपशील मला बोलका वाटतो.

१५३२ च्या नोव्हेंबरात काहामार्का येथे स्पेनच्या पिझारोने इंका राजा अताहुआल्पा यास कैद केले, तेव्हा तेथील वखारी आढ्यापर्यंत कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या पिझारोच्या लोकांनी पाहिल्या. शिपायांनी हवे तितके लुटले तरी ढीग कमी झाल्यासारखा दिसेना, असे त्यांच्यापैकीच एकाने लिहून ठेवले आहे. त्यांचे लक्ष सोन्याकडे होते. पुढे खाणी निघाल्या, मेंढ्या व गुरे युरोपातून आली, सखल कुरणे त्यांना दिली गेली आणि अल्पाका वर, आणखी वर, ज्या उंचीवर मेंढी दम धरीत नाही तेथे ढकलला गेला. रोगराई व कत्तल यांमुळे पहिल्या शंभर वर्षांत या जनावरांपैकी शेकडा ऐंशी-नव्वद नाहीशी झाली, असा अभ्यासकांचा अदमास आहे. किपूच्या गाठी वाचणारे कारभारी गेले, तसे कोणत्या नराला कोणत्या मादीशी घालावे हे जाणणारे राखणदारही गेले. दक्षिण पेरूत एल याराल येथे सुमारे हजार वर्षांपूर्वी बळी देऊन पुरलेले आणि कोरड्या हवेमुळे जसेच्या तसे राहिलेले अल्पाका व लामा सापडले आहेत. जेन व्हीलर या विदुषीने त्यांची लोकर तपासली, तेव्हा ती आजच्या लोकरीहून अधिक तलम आणि अधिक एकसारखी निघाली. म्हणजे सॉल्टच्या हाती जी लोकर आली ती एका मोडलेल्या विद्येचा अवशेष होती. त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

नागपूरच्या जामदारखान्याचे काय झाले ते अलीकडचे आहे. तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारला, आणि १८५४ साली गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. वऱ्हाडच्या खोऱ्यात हिंदुस्थानातला उत्तम कापूस पिकतो आणि इंग्लंडच्या कारखानदारीचे क्षेम त्याच्या खात्रीच्या पुरवठ्यावर अवलंबून आहे, हा मुद्दा त्याने आपल्या टिपणात आडपडदा न ठेवता मांडलेला आहे. राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस विक्रीला काढले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. भोसले घराण्यातील वृद्ध बांकाबाईचा विरोध व विनवण्या कागदोपत्री राहिल्या. ज्या सालात रघूजी वारला त्याच सालच्या २० सप्टेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, सॉल्टने एअर नदीच्या काठी आपली सॉल्टेअर येथील विशाल गिरणी उघडून साडेतीन हजार पाहुण्यांना मेजवानी दिली होती.

या सॉल्टची कथा अनेकांनी सांगितली आहे. चार्ल्स डिकन्सनेही आपल्या साप्ताहिकात ती नाटकी ढंगाने रंगविली. १८३६ च्या सुमारास लिव्हरपूल बंदरातील एका दलालाच्या वखारीत, जहाजाच्या तळाशी भार म्हणून आलेल्या मालासारखे धूळ खात पडलेले काही घाणेरडे गठ्ठे त्याने पाहिले, चिमूटभर लोकर ओढून घरी नेली, आणि पुन्हा येऊन सारेच गठ्ठे पौंडास आठ पेन्स भावाने उचलले. त्याच्या आधी बेंजामिन आउट्रम नावाच्या एका गृहस्थाने तिच्या शाली विणून पाहिल्या होत्या. पण त्या अत्यंत महाग पडत व नवलाईची वस्तू म्हणूनच खपत. धागा निसरडा व लांब असल्याने जुन्या यंत्रावर तो टिकेना. सॉल्टने यंत्रे बदलली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ताणा कापसाचा व बाणा अल्पाकाचा अशी युक्ती ब्रॅडफर्ड शहराच्या त्या सुमाराच्या नव्या रीतीस अनुसरून स्वीकारली. कापसाचा बारीक उभा धागा आत दबून राहतो आणि आडवा अल्पाका पृष्ठभागावर तरंगतो. त्यामुळे कापड स्वस्त झाले आणि दिसायला जणू सगळेच अल्पाकाचे दिसू लागले. १८४४ साली राणी व्हिक्टोरियाने विंडसरच्या उद्यानातील आपल्या दोन अल्पाकांची लोकर त्याच्याकडे पाठवून वस्त्रे करवून घेतली, आणि मग फॅशनला काय पाहिजे! १८३६ ते ४० या काळात वर्षाकाठी सुमारे साडेपाच लाख पौंड लोकर इंग्लंडात येई; १८५२ साली ती बावीस लाखांच्या घरात गेली, आणि भाव दहा पेन्सांवरून अडीच शिलिंगांपर्यंत चढला. सँगस्टर नामक छत्रीवाल्याने १८४८ मध्ये अल्पाकाच्या छत्रीचे पेटंट घेतले. पाणी निथळून जाते हा तिचा गुण.

सॉल्टेअरची गिरणी ५४५ फूट लांब होती. मजुरांसाठी दगडी घरे, शाळा, न्हाणीघरे, इस्पितळ, वृद्धांसाठी निवारे, चर्च, सारे होते; दारूचा गुत्ता मात्र नव्हता. रस्त्यांना मालकाने आपल्या बायकोमुलांची नावे दिली, आणि घराण्याच्या कुलचिन्हावर अल्पाका कोरला. लोकर ज्यांच्या कळपांतून निघे त्या पेरूच्या डोंगरी राखणदारांच्या वाट्याला या वैभवातले काय आले, हा प्रश्न त्या मेजवानीत कोणी उपस्थित केल्याचे नमूद नाही. अरेकिपा शहरातील निर्यातदार दलालांच्या हातून व्यवहार चाले, आणि डोंगरात लोकरीचा मोबदला धान्य, कोकाची पाने व मद्य यांच्या रूपाने, व्यापारी म्हणेल त्या दराने, चुकता होई.

पेरूच्या सरकारने जिवंत अल्पाका देशाबाहेर नेण्यास मनाई केली, तेव्हा चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने वर्षानुवर्षे डोंगरांतून चोरवाटांनी कळप हाकीत, अर्धेअधिक गमावीत, चिलीच्या किनाऱ्यावरून जहाजात घालून १८५८ च्या नोव्हेंबरात २५६ जनावरे सिडनीस उतरविली. ऑस्ट्रेलियात अल्पाकाचे राज्य उभे करण्याचा तो बेत थोड्याच वर्षांत फसला. याच लेजरने पुढे मान्वेल इंक्रा मामानी या आपल्या इमानी सेवकाकरवी बोलिव्हियातील उत्तम सिंकोनाचे बी मिळविले, जे १८६५ साली डच सरकारने विकत घेतले आणि ज्यातले काही हिंदुस्थानातील एका मळेवाल्याच्या हातीही आले. मामानीचा त्या अपराधाबद्दल तुरुंगात छळ होऊन अंत झाला. हिवतापाने ग्रासलेल्या मध्यप्रांतात क्विनीनचे महत्त्व सांगायला नको. अंगावर अल्पाका आणि जिभेवर क्विनीन, असा अँडीज पर्वताचा दुहेरी प्रसाद आपल्या कारकुनाला मिळत होता, आणि दोन्हींच्या मागे तीच माणसे चोरीने किंवा सक्तीने राबली होती.

आता नागपुरात परतू. २ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्यप्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाले, ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय बसले, आणि सर रिचर्ड टेंपलच्या अमदानीत जमाबंदीचे काम जोरात चालले. या जमाबंदीत एक विलक्षण गोष्ट घडली. भोसल्यांच्या काळी जो पाटील वा इजारदार गावचा वसूल गोळा करून देण्यास बांधलेला होता, त्याला मालगुजार या नात्याने जमिनीची मालकी मिळाली. मालकी आली की गहाण आले, गहाणामागून सावकार, सावकारामागून दिवाणी दावा, आणि दाव्यामागून वकील. १८६७ साली मुंबईहून लोहमार्ग नागपूरला पोचला, १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, आणि ब्रॅडफर्डचे तागे इतवारीच्या कापडपेठेपर्यंत पोचण्याचा खर्च व वेळ दोन्ही घटले. हिंगणघाटचा बणी कापूस ज्या वाघिणींतून मुंबईकडे गेला त्याच परत येताना विलायती कापड घेऊन आल्या, असे म्हटल्यास वस्तुस्थितीपासून आपण फार दूर जात नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते ६५ मध्ये, लँकेशायरला जो कापसाचा दुष्काळ पडला त्यामुळे या मुलखात पैसा खेळू लागला होता, आणि पैशाच्या पाठोपाठ पोषाख बदलतो.

हा कोट कसा होता? रंगाने काळा, गळ्याशी बंद किंवा पारशी तऱ्हेचा, गुडघ्यांच्या वर चार बोटे येणारा लांब. आत पांढऱ्या सुती कापडाचे अर्धे अस्तर. खाली धोतर, खांद्यावर घडीचे उपरणे, डोक्यावर पागोटे किंवा पगडी, पायात पुणेरी किंवा नागपुरी जोडा. इंग्रज अधिकाऱ्यासमोर जाताना धोतराऐवजी पाटलोण. धोतर व उपरणे नागपूर-उमरेडच्या कोष्ट्यांच्या मागावरचे, रेशीमकाठी, आणि कोट यॉर्कशायरचा. दोन सृष्टी एकाच देहावर नांदत होत्या आणि अंगात घालणाऱ्याला त्यात विसंगती दिसत नसे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या गावात लोकरीचा कोट म्हणजे वेडेपणा वाटेल. पण अल्पाकाचे कापड विरळ विणीचे, अंगाला न चिकटणारे, धूळ झटकताच मोकळे होणारे आणि घडी न मोडणारे. शिवाय ते वर्षानुवर्षे टिके. सुती काळा कोट दोन धुण्यांत विटका पडे. अल्पाका धोबीघाटाला न जाताही दिवस काढी, आणि नव्या वकिलाला हा हिशेब वकालतनाम्याच्या मजकुराइतकाच पाठ असे.

या कापडाची जडणघडण पाहायची असेल तर महालातल्या किंवा जुन्या शुक्रवारीतल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावरची पेटी उघडावी. कोट तांबूस काळा पडलेला असतो, कोपरांवर चकाकी उरलेली असते, काखेत मिठाचा पांढरा वळसा. आणि जेथे कसर लागलेली असते तेथे भोक पडलेले नसते. कसर फक्त प्राणिज धागा खाते. त्यामुळे आडवा अल्पाका तेवढा नाहीसा होऊन कापसाचा उभा ताणा, सारंगीच्या तारांसारखा, ओळीने तसाच उभा राहिलेला दिसतो. पेरूचा भाग किड्याने खाल्ला, शेतातला भाग राहिला. हा कापूस विदर्भाचा असेल असे मात्र समजू नये. इतक्या बारीक ताण्याला आपल्या कापसाचा आखूड धागा चालत नसे, त्याला अमेरिकेचा किंवा मिसरचा लांब धागा लागे. हिंगणघाटचा बणी हिंदी कापसात नामांकित खरा, परंतु त्याची बरोबरी तेवढ्यापुरतीच.

माझ्या मते या कोटाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या तकाकीत नाही. भोसल्यांच्या राज्यात पोषाख मिळत असे. इंग्रजी राज्यात तो विकत घ्यावा लागे. सेनासाहेब सुभ्याची वस्त्रे कितीही पैसा असला तरी इतवारीत मिळाली नसती. अल्पाकाचा कोट पाच-दहा रुपये गाठीला असलेल्या कोणालाही शिंपी शिवून देई. कोष्ट्याचा, तेल्याचा, कुणब्याचा मुलगा हिस्लॉप किंवा मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला की त्याच कापडात उभा राहू शके ज्यात ब्राह्मण मुन्सफ उभा असे. एवढ्यापुरता तो कोट समतेचा म्हणावा; पण तो धन्याची निशाणी नव्हे असे म्हणता येणार नाही. धनी अदृश्य झाला होता, एवढेच. खिलत पांघरणारा माणूस कोणाचा चाकर हे स्वतः जाणत असे, आणि तो कबूलही करी. अल्पाका पांघरणारा आपण कायद्याचा चाकर आहोत असे समजे, आणि कायदा कोणाचा चाकर आहे हे विचारण्यास बरीच वर्षे जावी लागली.

ती वेळ नागपुरातच आली. १९२० च्या डिसेंबरात येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष विजयराघवाचार्य, स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज. वकिलांनी न्यायालये सोडावीत आणि विलायती कापडाचा त्याग करावा, असा असहकाराचा जो ठराव तेथे कायम झाला, त्याचे दोन्ही बाण एकाच कोटावर येऊन बसले. पुढल्या जुलैच्या अखेरीस मुंबईस परळला विलायती कपड्यांची मोठी होळी झाली. काहींनी सनद आणि कोट एकदमच उतरविले. काहींनी सनद ठेवली व कोट तेवढा खादीचा केला. आणि काही, ज्यांची संख्या नेहमीच सर्वांत मोठी असते, ते पेटीवर कुलूप घालून वारा कोठल्या दिशेने वाहतो ते पाहत बसले. १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच शहरात झाला, तेव्हा तुरुंगात जाणारे स्वयंसेवक पांढऱ्या खादीत होते आणि खटले चालविणारे काळ्या कोटात.

अल्पाकाच्या कोटाला मारले ते केवळ खादीने नव्हे. खुद्द यॉर्कशायरमध्ये तो धंदा केव्हाच पोखरला होता. स्त्रियांची रुची फ्रान्सच्या मऊ लोकरी कापडांकडे वळली. अमेरिकेने जकाती वाढविल्या. आणि १८९२ साली सॉल्टच्या वारसांची कंपनी दिवाळ्यात निघाली. गिरणी दुसऱ्यांच्या हाती गेली. इकडे एम्प्रेस मिलने, जिच्या जागेवर, जुम्मा तलावाकाठच्या दलदलीत, भरावाची माती ओतणाऱ्या जमशेटजींना एका मारवाडी सावकाराने सोने मातीत घालतो आहे म्हणून हिणवले आणि नंतर तोच सावकार आपले शब्द मागे घेता झाला, त्या मिलने बेझनजी मेहतांच्या कारभारात जाडेभरडे, टिकाऊ, स्वस्त सुती कापड गावोगाव पोचविले. तिने अल्पाका कधी विणला नाही. तिच्या डागांनी कोटाच्या अस्तराचे, सदऱ्याचे, मुलांच्या अंगरख्यांचे काम भागविले, आणि जिल्ह्यातील कोष्ट्यांच्या मागांवर तिच्या सुताचा डाग बसला तो कायमचा. ब्रॅडफर्डच्या लोकरीने नागपुरी विणकराचे जे नुकसान केले नाही ते त्याच्याच गावातल्या गिरणीने केले, ही गोष्ट स्वदेशीच्या इतिहासात जरा खालच्या आवाजात सांगतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास बाजारात अल्पाका म्हणून जे कापड मिळू लागले त्यात रेयॉन अधिक आणि लोकर नावापुरती असे. १९३६ च्या जानेवारीत येथे उच्च न्यायालय स्थापन झाले, १९४० मध्ये सिव्हिल लाइन्समध्ये त्याची भव्य दगडी इमारत उघडली. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत ते न्यायालय जबलपूरला गेले आणि त्याच इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले. पेरूत आजही जगातील बहुतांश अल्पाका चरतात; पण गिरण्यांना कोणताही रंग चढविता यावा म्हणून पांढऱ्या लोकरीला भाव अधिक, त्यामुळे काळे व तपकिरी कळप शतकभर कमी कमी होत आले आहेत. इटली व चीन यांचे कारखानदार ती लोकर घेतात. आपल्याकडे वकिलाचा काळा कोट आता बहुतेक पॉलिएस्टरचा असतो. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे उन्हाळ्यात जिल्हा न्यायालयात तो सक्तीचा नाही. उच्च न्यायालयात ही सवलत नाही, आणि म्हणून एप्रिलच्या दुपारी खंडपीठापुढे ज्याचा दावा पुकारला जातो त्या नागपूरच्या वकिलाला, अल्पाकाहून कितीतरी उकडणारे ते कापड अंगावर घेऊनच उभे राहावे लागते.